शेजाऱ्याच्या स्पीकरमध्ये तुमचा आवाज: हॅम स्टेशनचा व्यत्यय कमी करण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान परवानाधारक हॅमसाठी, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांसाठी आहे, त्यातही फ्लॅटमध्ये राहून गच्चीवर किंवा बाल्कनीत अँटेना लावणाऱ्यांसाठी. उदाहरणं बहुतेक ७ आणि १४ मेगाहर्ट्झची आहेत, कारण तक्रारीही बहुतेक तिथूनच येतात.

तक्रार आली. सगळ्यात आधी काय करू?

"माझा सेट ओके आहे, तुमचा टीव्हीच खराब" हे वाक्य गिळून टाका. ते खरं असलं तरी आत्ता कामाचं नाही. तक्रार खरी आहे असं धरून चला आणि तीन गोष्टी विचारा: नेमकी कुठली वस्तू, नेमकं काय होतं आणि किती वाजता. मग आपलं लॉगबुक उघडा. "काल रात्री नऊच्या सुमारास" असं ते म्हणाले आणि तुमचा लॉग ८:५० ते ९:२० सात मेगाहर्ट्झवर आहे म्हणतो, तर पुढचं बोलायला आधार मिळाला. लॉगमध्ये त्या वेळी काहीच नसेल, तर तेही शांतपणे दाखवता येतं. गच्चीवर अँटेना दिसली की इमारतीतला प्रत्येक बिघाड तिच्या नावावर जमा होतो. केबलवाल्याचा अँप्लिफायर बंद पडला तरी बिल तुमच्याच नावावर फाटतं. लॉग नियमित ठेवण्याचं हे एक कारण.

एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारी डिजिटल संदेश पद्धत) करत असाल तर ओळख पटवणं आणखी सोपं. एका खेपेला सेट १२.६४ सेकंद प्रसारण करतो आणि एक आड एक खेप घेतो, म्हणजे दर ३० सेकंदांनी. "दिवा तेरा सेकंद फडफडतो, मग थोडा वेळ गप्प, मग पुन्हा" असं कोणी सांगितलं तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

दोष माझ्या सेटचा की त्यांच्या वस्तूचा?

रस्ते तीन, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. तुमचा सेट नको त्या फ्रिक्वेन्सीवरही काही सोडत असेल, उदाहरणार्थ हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट असे पट), तर दोष तुमचा आणि इलाजही तुमच्याच टेबलावर. तुमचा सिग्नल स्वच्छ आहे पण शेजारच्या वस्तूला तो सोसत नसेल, तर ती वस्तू कमी पडते आणि इलाज तिच्या बाजूला करावा लागतो. तिसरा रस्ता वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या सांध्याचा. त्याबद्दल खाली.

आजच्या बऱ्याच तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या असतात. वस्तूला जोडलेली लांब वायर अँटेनासारखी वागते, तिच्या बाहेरून आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा प्रवाह) वाहत आत जातो आणि आतला एखादा आयसी त्याचं 'डिटेक्शन' करतो, म्हणजे त्यातून आवाजाचा सिग्नल काढतो. जुन्या पुस्तकांत टीव्हीच्या चॅनलवर पडणाऱ्या हार्मोनिकवर पानंच्या पानं असतात. ती अँनालॉग टीव्हीच्या काळातली. आज त्या क्रमानं शोध घेतला तर वेळ जातो.

ओळखायची सोपी खूण: व्यत्यय एकाच घरात, एकाच वस्तूत येत असेल आणि तुम्ही बँड बदलला तरी थोडाफार राहत असेल, तर ती वस्तू आरएफ सोसत नाही. तोच व्यत्यय चार घरांत, एकाच ठरावीक चॅनलवर किंवा एफएम स्टेशनवर येत असेल तर आधी स्वतःचा सेट तपासा.

डमी लोडची चाचणी कशी करायची?

अँटेना काढा, ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद जिरवणारा रेझिस्टर) लावा आणि शेजाऱ्याच्या घरी एका माणसाला फोनवर उभं करा. आधी १० वॉट, मग ५०. प्रत्येक वेळी दहा सेकंद की दाबा (म्हणजे प्रसारण चालू), दहा सेकंद सोडा. कुठला क्षण चालू आणि कुठला बंद हे फोनवरच्या माणसाला आधी सांगू नका. त्यानं आपणहून सांगितलेल्या वेळा तुमच्या वेळांशी जुळल्या तरच चाचणी खरी.

डमी लोडवर व्यत्यय गेला तर तो अँटेनातून किंवा कोक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून जात होता. डमी लोडवरही तसाच राहिला तर आरएफ तुमच्या सेटच्या पॉवर सप्लायमधून घरच्या लाइट लाइनवर चढतोय, किंवा सेटचं कव्हर, मध्ये लावलेली जम्पर केबल, एखादा सैल पीएल-२५९ कनेक्टर यांतून गळतोय. कनेक्टरची जाळी नीट सोल्डर केलेली नसणं हा इथला नेहमीचा चोर. बाहेरून कनेक्टर घट्ट दिसतो, आत जाळीचे चारच केस टेकलेले असतात.

डमी लोड घरी करायचा असेल तर १ किलोओहम, २ वॉटचे २० मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा. झाले ५० ओहम आणि ४० वॉट. वायरवाउंड रेझिस्टर वापरू नका. आत कॉइलच असते, ७ मेगाहर्ट्झवर तो ५० ओहम राहत नाही.

पॉवर किती कमी केली म्हणजे फरक पडेल?

ताकद चौपट कमी केली की ६ डीबी (डेसिबल) उतरतं. अँटेना दुप्पट दूर नेली तरीही तेवढंच. म्हणजे १०० वॉटवरून २५ वॉटवर येणं आणि अँटेना १० मीटरवरून २० मीटरवर नेणं, शेजाऱ्याच्या टीव्हीला दोन्ही सारखंच. समोरच्या हॅमला तुमचा सिग्नल जेमतेम एक एस-युनिट (सिग्नल मीटरवरचा एक टप्पा) कमी वाटेल.

डायपोलसाठी (मधून जोडलेल्या दोन सारख्या वायरींच्या अँटेनासाठी) ढोबळ हिशोब असा: वॉटचं वर्गमूळ काढा, त्याला ७ नं गुणा, मीटरमधल्या अंतरानं भागा. उत्तर व्होल्ट प्रति मीटरमध्ये येतं. १०० वॉट आणि १० मीटर असेल तर ७ व्होल्ट प्रति मीटर. घरगुती उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साधारण ३ व्होल्ट प्रति मीटरची पातळी धरतात. म्हणजे बाल्कनीतल्या अँटेनाला १०० वॉट दिले तर चांगल्या कंपनीची वस्तूही गडबडू शकते, त्यात तिच्या कारखान्याचा फारसा दोष नाही. त्याच १० मीटरवर ३ व्होल्टच्या आत राहायचं असेल तर सुमारे १८ वॉट. ७ मेगाहर्ट्झवर १० मीटर म्हणजे अँटेनाच्या अगदी कुशीतलं अंतर, तिथं हा आकडा अंदाजापुरताच घ्या.

एफटी८ला तर २० वॉटच्या वर जायचं कारण क्वचितच असतं. खेपभर सलग पूर्ण ताकद जाते, त्यामुळे शेजाऱ्याला ती एसएसबीपेक्षा (बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा) जास्त जाणवते.

लो-पास फिल्टर बसवला, तरी काहीच फरक नाही. का?

कारण तुमच्याकडे हार्मोनिकचा रोग नव्हता. साधारण ३० मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणं एवढंच एचएफच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या) लो-पास फिल्टरचं काम. शेजाऱ्याचा स्पीकर तुमच्या ७.१ मेगाहर्ट्झच्या मूळ सिग्नलनंच बडबडतोय, आणि तो सिग्नल हा फिल्टर मुद्दाम जाऊ देतो. आजच्या कारखानी रिगमध्ये (सेटमध्ये) प्रत्येक बँडचा फिल्टर आधीच असतो. १०० वॉटच्या रिगचा हार्मोनिक ४३ डीबी खाली असेल तर उरतात ५ मिलिवॉट.

फिल्टरची गरज पडते ती घरी जोडलेल्या किटला, जुन्या व्हॉल्व्हच्या सेटला, बाहेरच्या लिनिअर अँप्लिफायरला आणि स्वस्तातल्या व्हीएचएफ हँडीला (३० मेगाहर्ट्झच्या वरच्या, हातात धरायच्या सेटला). जागा महत्त्वाची: सेट किंवा लिनिअरच्या नंतर, ट्यूनरच्या (अँटेना सेटशी जुळवणाऱ्या डब्याच्या) आधी. ट्यूनरच्या पुढे ५० ओहमची खात्री नसते आणि ५० ओहमसाठी केलेला फिल्टर तिथं कागदावरचं काम करत नाही.

हार्मोनिक आहे की नाही हे घरी बघता येईल?

आधी कागदावर गुणाकार करा. ७.१ चे हार्मोनिक १४.२, २१.३, २८.४. १४.२ चा सातवा ९९.४, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्यात. २१.२ चा पाचवा १०६. १४५ चा तिसरा ४३५. शेजाऱ्याची तक्रार यांपैकी कुठल्या आकड्यावर बसते का बघा.

मग आरटीएल-एसडीआर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) बघता येतं, पण इथं बरेच जण फसतात. डोंगल सेटच्या शेजारी ठेवला की तो स्वतःच गुदमरतो आणि पडद्यावर खोट्या रेषांचं जंगल उगवतं. सेट डमी लोडवर ठेवा, डोंगलपुढे ३० ते ४० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा. मग आणखी १० डीबी वाढवा. रेष १० डीबीच उतरली तर ती खरी. ३० उतरली तर ती डोंगलच्या पोटातली होती.

एकाच बँडचा हार्मोनिक मारायला स्वस्तात काही?

कोक्सचा तुकडा. त्याला स्टब म्हणतात. ७.१ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी १०.५६ मीटर, आरजी-५८ केबलचा वेग-गुणक (हवेच्या मानानं केबलमधला सिग्नलचा वेग) ०.६६, गुणाकार ६.९७ मीटर. एवढ्या केबलचं एक टोक आतली तार आणि जाळी जोडून शॉर्ट करा, दुसरं टी-कनेक्टरनं सेटच्या मागे लावा. ७.१ ला हा तुकडा असून नसल्यासारखा. १४.२ आणि २८.४ ला तो सरळ शॉर्ट, म्हणून ते हार्मोनिक २० डीबीच्या आसपास खाली जातात. २१.३ मात्र अडत नाही. कापताना ७.३ मीटर घ्या आणि नॅनो-व्हीएनएवर (केबल आणि अँटेना मोजायच्या यंत्रावर) खड्डा १४.२ ला येईपर्यंत थोडं थोडं कमी करा. प्रत्येक कापणीनंतर टोक पुन्हा शॉर्ट करायला विसरू नका.

एक इशारा: स्टब काढायला विसरून १४ मेगाहर्ट्झवर गेलात तर सेटच्या तोंडातच शॉर्ट असेल. स्टबच्या टोकाला लाल टेप गुंडाळून ठेवणं बरं.

फेराइट कुठलं घ्यायचं? बाजारात तर काळ्या क्लिपा मिळतात.

वायरच्या बाहेरून वाहणारा आरएफ अडवायला तिच्यावर फेराइटचं कडं लावतात, त्याला चोक म्हणतात. सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

फेराइटचा रंग काळा असला तरी जात वेगळी असते. एचएफसाठी '३१' मिक्स घ्या. '४३' एचएफच्या वरच्या बँडना आणि व्हीएचएफला चालतं. '६१' त्याच्याही वरच्या फ्रिक्वेन्सींसाठी. लाल किंवा पिवळे रंगवलेले टोरॉइड आयर्न पावडरचे असतात. ते फिल्टरच्या कॉइलला उत्तम, पण चोकला निरुपयोगी: आपल्याला इथं आरएफ अडवून जिरवायचा आहे आणि ते काही जिरवत नाहीत.

क्लिपवाला मणी वायरवर एकदाच अडकवला तर २८ मेगाहर्ट्झवर शंभर-दोनशे ओहम देतो, ७ वर त्याहून खूप कमी. आपल्याला हवेत हजारात. मग पाच मणी ओळीनं लावायचे? नाही, वेढे घालायचे. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो: एका वेढ्याला १ धरलं तर ५ वेढ्यांना २५ आणि १२ वेढ्यांना १४४. तेच काम सरळ घातलेल्या कड्यांनी करायचं तर १४४ कडी लागतील. वेढा मोजताना भोकातून वायर किती वेळा गेली तेवढंच मोजायचं. एकदा नुसती आरपार गेली तरी तो एक वेढा.

कामाचं कडं म्हणजे एफटी२४०-३१: बाहेरचा व्यास ६१ मिमी, भोक ३५.६ मिमी, जाडी १२.७ मिमी. आरजी-५८ चे १२ वेढे त्यात आरामात बसतात, केबल लागते साधारण १ मीटर. ७ ते २१ मेगाहर्ट्झला हे एक कडं बहुतेक वेळा पुरतं. नेटवर्क केबलचे १० ते १२ वेढे घाला, आरजे-४५ कनेक्टर भोकातून सहज जातो. थ्री-पिन प्लगची अडचण असते: आपल्याकडचा प्लग बऱ्याचदा ३५ मिमीच्या भोकातून जात नाही. त्यावर उपाय म्हणजे तीन-कोअर केबलची मीटर-दीड मीटरची एक्स्टेंशन करायची, कड्यावर ७ वेढे घ्यायचे आणि मगच दोन्ही टोकांना प्लग आणि सॉकेट लावायचा. शेजाऱ्याच्या वस्तूला हात न लावता ती मध्ये जोडता येते. अशा दोन एक्स्टेंशन तयार असल्या तर निम्म्या चाचण्या पाच मिनिटांत आटोपतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत '३१' असं नाव घेऊन मागितलं तर दुकानदार बहुधा हातात कुठलंही कडं देईल. भंगारात जुन्या पिक्चर ट्यूबच्या मानेवरचं योक मिळालं तर त्यातलं फेराइटही उपयोगी पडतं, पण मोजून बघा. मोजायचं असं: कड्यावर १० वेढे, एक टोक नॅनो-व्हीएनएच्या पहिल्या पोर्टच्या मधल्या पिनला, दुसरं दुसऱ्या पोर्टच्या मधल्या पिनला, आणि एस२१ (पहिल्या पोर्टमधून दुसऱ्यात किती पोचतं) बघा. हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर २० डीबी घट म्हणजे सुमारे ९०० ओहम, ३० डीबी म्हणजे ३००० ओहमच्या आसपास. ३० च्या जवळ गेलं की कडं ठेवा, १० वर अडलं की परत करा.

जाड कोक्स आहे, आरजी-२१३. तिचे १२ वेढे कसे घालू?

घालू नका. आतली तार एका बाजूला सरकते आणि काही महिन्यांत शॉर्ट होते. पाच कडी एकावर एक रचून ५ वेढे घ्या, हिशोब १२५ चा होतो, म्हणजे १४४ च्या जवळच. किंवा मध्ये आरजी-५८ चा मीटरभर तुकडा जोडून त्याचा चोक करा. ५० वॉटला त्यानं काही बिघडत नाही.

कडी मिळतच नसतील तर ड्रेनेजचा ११० मिमी पीव्हीसी पाइप घ्या आणि त्यावर कोक्सचे १६ ते १८ वेढे एकाला एक लागून गुंडाळा. केबल लागते सहा-साडेसहा मीटर. हा ठरावीक पट्ट्यातच चांगला चालतो, सगळ्या बँडना नाही. मोकळं भेंडोळं करून केबल-टायनं बांधू नका. पहिला आणि शेवटचा वेढा शेजारी आले की चोकचा अर्थच जातो.

एंड-फेड वायर लावल्यापासून तक्रारी वाढल्या. योगायोग?

नाही. ७ मेगाहर्ट्झचा अर्धतरंग एंड-फेड म्हणजे २० मीटर वायर, ४९:१ ट्रान्सफॉर्मर आणि बाल्कनीतून सरळ शॅकमध्ये (सेटच्या खोलीत) येणारी कोक्स. फ्लॅटवाल्यांना सोयीची, म्हणून लोकप्रिय. पण अँटेनाला दुसरी बाजू लागतेच. ती दिली नाही की ती कोक्सच्या जाळीला दुसरी बाजू करून घेते. मग तुमची कोक्स घरातून, इलेक्ट्रिक पाइपाच्या शेजारून जाणारी अँटेना झाली. लक्षणं ओळखीची असतात: मायक्रोफोनला ओठ लागला की चटका, की दाबली की लॅपटॉपचा माउस गोठतो, कोक्सला हात लावला की एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचं माप) बदलतो.

ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड स्क्रूला २ मीटरची काउंटरपॉइज, म्हणजे दुसऱ्या बाजूची, वायर जोडा आणि चोक ट्रान्सफॉर्मरलाच लावा. काउंटरपॉइज लावायची सोय नसेल तर चोक २ मीटर खाली सरकवा; मधली २ मीटर जाळीच काउंटरपॉइजचं काम करते. दुसरा चोक कोक्स घरात शिरते तिथं. पहिला चोक हाताला गरम लागला तर तो काम करतोय, पण पुरत नाही, वेढे वाढवा. गच्चीवर जागा असेल तर मात्र ही सगळी खटपट सोडून १०-१० मीटरचा साधा डायपोल टाका, मध्ये चोक, कोक्स वायरला काटकोनात खाली. आडवी अँटेना इमारतीतल्या उभ्या वायरिंगशी कमी गुंतते, हा वरचा फायदा.

अर्थिंग चांगलं केलं की सगळं जाईल, असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात खरं. सातव्या मजल्यावरून जमिनीपर्यंत गेलेली वीस मीटर वायर ५० हर्ट्झला अर्थ आहे, ७ मेगाहर्ट्झला आणखी एक अँटेना. साडेदहा मीटर, म्हणजे पाव तरंग, लांबीची अर्थ वायर तर ७.१ ला जवळजवळ तुटल्यासारखीच वागते. शॅकमधली सगळी उपकरणं एकमेकांना रुंद, आखूड तांब्याच्या पट्टीनं जोडा, म्हणजे त्यांच्यात आरएफचा फरक राहत नाही. तेवढं पुरतं. सुरक्षेचा अर्थ, म्हणजे तिसरी पिन, कुठल्याही कारणानं काढायची नाही. विजेपासून संरक्षणासाठी मास्टला दिलेला अर्थही इमारतीच्या अर्थशी जोडलेलाच असावा.

वस्तू-वस्तूप्रमाणे सांगा ना.

*स्पीकर आणि होम थिएटर.* एसएसबीत बदकासारखी बडबड, सीडब्ल्यूत (मोर्समध्ये) टक-टक, एफएमवर एक 'धप' आणि मग हमिंगमध्ये बदल. व्हॉल्यूम शून्यावर आणा. बडबड तशीच राहिली तर आरएफ व्हॉल्यूमच्या नंतर शिरतोय, म्हणजे स्पीकरच्या वायरमधून. व्हॉल्यूमबरोबर कमी झाली तर आत येणाऱ्या ऑडिओ केबलमधून. मग एकेक वायर काढून बघा, ज्या वायरीनं शांत होईल तिला अँप्लिफायरच्या अगदी जवळ १० ते १२ वेढ्यांचं कडं. वायरच्या लांबीकडेही बघा: अडीच मीटरची वायर २८ मेगाहर्ट्झला, सव्वापाचची १४ ला आणि साडेदहाची ७ ला पाव तरंग होते. नुसती लांबी बदलून कधी कधी काम होतं.

*केबल टीव्ही.* केबलवर ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरात असतो आणि आपला १४४ ते १४६ त्याच्या पोटात येतो. तेव्हा दोन मीटरचा, म्हणजे या १४४ च्या बँडचा, व्यत्यय फिल्टरनं जाणार नाही. कुठंतरी जाळी उघडी आहे: पिळून बसवलेला एफ-कनेक्टर, पाणी गेलेला स्प्लिटर, गच्चीवरची उन्हानं तडकलेली केबल. क्रिम्प केलेले कनेक्टर आणि नवी आरजी-६ हाच इलाज. एचएफचा व्यत्यय असेल तर सेट-टॉप बॉक्सच्या तोंडाशी हाय-पास फिल्टर आणि केबलच्या वेढ्यांचं कडं.

*डीटीएच.* इथं साधा हाय-पास फिल्टर लावू नका. छत्रीवरच्या एलएनबीला बॉक्समधून त्याच केबलवर १३ किंवा १८ व्होल्ट आणि २२ किलोहर्ट्झचा टोन जातो, फिल्टर तो अडवेल आणि "नो सिग्नल" तुमच्या नावावर लागेल. फक्त फेराइट.

*इंटरनेट.* फायबरच्या काचेत आरएफ शिरत नाही. शिरतो तो राउटरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरच्या वायरमधून आणि गच्चीवरच्या स्विचपासून घरापर्यंत लोंबणाऱ्या तांब्याच्या नेटवर्क केबलमधून. १०० एमबीपीएसच्या इथरनेटचा सिग्नल एचएफच्याच पट्ट्यात पसरलेला असतो, म्हणून लिंक तुटते आणि दहा सेकंदांनी परत येते. केबलच्या दोन्ही टोकांना कडं, शिवाय अडॅप्टरच्या वायरला.

*एलईडी दिवे.* दिवा बदला. फेराइट लावण्यापेक्षा दुसऱ्या बनावटीचा दिवा स्वस्त पडतो. घरात दोन-तीन वेगवेगळ्या बनावटीचे दिवे आणून, की दाबून, कुठला हलत नाही ते बघा आणि तोच शेजाऱ्याला भेट द्या.

*इंटरकॉम, बेल, सीसीटीव्ही.* दहा मजले उभी गेलेली दोन तारांची वायर म्हणजे तयार अँटेनाच. हँडसेटजवळ कडं लावून फरक पडतो, पण ती मालमत्ता सोसायटीची, आधी सेक्रेटरींना विचारा. गच्चीवरच्या कॅमेऱ्यांची वायर अँटेनाच्या खालून जात असेल तर अँटेनाच हलवा. आठ कॅमेऱ्यांना आठ कडी लावण्यापेक्षा ते सोपं.

पहिल्या पावसानंतर व्यत्यय गायब होतो आणि उन्हाळ्यात परत येतो. हे काय?

गंजलेला सांधा. गच्चीवरच्या शेडचे जीआय पत्रे, जे-बोल्ट, जुनी बंद पडलेली टीव्ही अँटेना, टाकीची शिडी. दोन धातूंच्या मध्ये गंजाचा थर बसला की तो कच्च्या डायोडसारखा वागतो. तुमचा स्वच्छ सिग्नल त्याच्यावर पडतो आणि तिथून हार्मोनिक तयार होऊन पुन्हा पसरतात. पाणी पडलं की सांध्याचं वागणं बदलतं. कोकणात आणि समुद्राकाठच्या उपनगरांत खाऱ्या हवेमुळे हा प्रकार जास्त.

शोधायला एक माणूस पोर्टेबल रिसीव्हर घेऊन गच्चीवर, एक शॅकमध्ये कमी ताकदीवर. लाकडी काठीनं पत्रे ठोकत जायचं. ज्या ठोक्याला व्यत्यय बदलेल तो सांधा घासून घट्ट करा किंवा मध्ये रबर घालून पूर्ण वेगळा करा. नको असलेली जुनी अँटेना काढूनच टाका. की दाबलेली असताना अँटेनाच्या वायरला हात लागणार नाही इतकं लांब उभं राहा.

शेजारी नाही, हॅमच तक्रार करतात की तुम्ही फार पसरता.

माइक गेन आणि कॉम्प्रेसर खाली आणा. एसएसबीचा सिग्नल अडीच-पावणेतीन किलोहर्ट्झमध्ये बसायला हवा. एफटी८मध्ये एएलसीची (सेटला जास्त सिग्नल मिळतोय हे दाखवणारी) सुई हलली की कॉम्प्युटरचा आवाज कमी करा, बाकी काही नाही. सीडब्ल्यूत क्लिक ऐकू येत असतील तर मेनूमधला चढ-उताराचा वेळ ५ मिलिसेकंद किंवा जास्त करा.

सोसायटीच्या मीटिंगला बोलावलंय. काय घेऊन जाऊ?

परवान्याची प्रत. तो दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी विंग देते, हे सांगा, कारण तिथं कोणीतरी "हा मोबाइल टॉवर आहे का" असं विचारणारच. चाचणीच्या वेळा लिहिलेला एक कागद न्या. आणि एक तयार एक्स्टेंशन पिशवीत ठेवा: तक्रार करणाऱ्या काकांच्या घरी जाऊन लावायची आणि त्यांच्यासमोर, घरच्या माणसाला फोन करून, की दाबायला सांगायची.

आधी स्वतःचं घर मात्र साफ हवं. आपल्याच हॉलमधला टीव्ही १०० वॉटला शांत आहे हे दाखवता आलं तर पुढची चर्चा वेगळ्या सुरात होते. शेजाऱ्याची वस्तू उघडायची नाही, कितीही सोपं दिसलं तरी. महिन्याभरानं तिच्यातला कुठलाही भाग गेला की तो तुम्हीच घालवलेला असतो. बाहेरून जे लावता येईल तेवढंच लावा. कड्यांचे पैसे कोणी द्यायचे यावर वाद घालू नका. दोन कडी तुमच्या खर्चातून गेली तरी रात्रीचे नऊ ते अकरा परत मिळतात.

आणि तरीही नाही गेलं तर?

ती एक वस्तू, तो एक बँड आणि ती वेळ लिहून काढा. शेजाऱ्यांना विचारा, टीव्ही कधी बघता. साडेआठ ते दहा त्यांची मालिका असेल तर त्या वेळात १४ वर जा किंवा १० वॉटवर या, आणि ७ मेगाहर्ट्झ पहाटेसाठी ठेवा. पहाटे दूरची स्टेशनंही जास्त लागतात.